डीसीआरनं हातचा खाल्ला

अगं, ८०८५चा एमुलेटर लिहायला घेतलास म्हणे. बरं केलंस. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये त्याचंच किट होतं. हेक्स कीपॅड बडवून बोटं दुखायची. म्हणून मामाचं थोडं ऐक.

२४६ ऑपकोड हातानं लिहीत बसू नकोस. ८० ते बीएफ हा पट्टा बघ: आठ क्रिया, आठ ऑपरंड, चौसष्ट ऑपकोड. मधले तीन बिट क्रिया सांगतात, शेवटचे तीन रजिस्टर. म्हणून एकच फंक्शन करून आत दर वेळी ‘क्रिया कुठली, रजिस्टर कुठलं’ विचारत बसू नकोस. ऑपकोड कळला तेव्हाच ते ठरलेलं असतं. बेरीज एकदाच लिही, इनलाइन, आणि चौसष्ट केसेस मॅक्रोकडून छापून घे. नको त्या फांद्या कंपायलर छाटतो. ‘एम’वाल्या केसेस तेवढ्या वेगळ्या ठेव: तिथे मेमरी वाचायची असते, ४ऐवजी ७ टी-स्टेट लागतात.

सीएमपी म्हणजे वजाबाकीच, फक्त उत्तर टाकून द्यायचं. तिथे कोड खुशाल वाटून घे. डीसीआरही तसाच दिसतो, आणि तिथेच मी फसलो. त्यालाही वजाबाकीचं फंक्शन जोडलं, चार ओळी वाचल्या म्हणून खूश. मग दोन बाइटांची बेरीज चालवली: ००एफएफ अधिक ०००१. उत्तर ००००! खालच्या बाइटचा हातचा कॅरीत होता. लूपचा काउंटर कमी करताना माझ्या डीसीआरनं तो पुसला. खरा ८०८५ आयएनआर-डीसीआरमध्ये कॅरीला हातच लावत नाही, म्हणून तर असे लूप चालतात. अख्खी रात्र गेली होती माझी.

वेगाचं म्हणशील तर मूळ चिप ३ मेगाहर्ट्झची. तिला गाठायला तुझ्या लॅपटॉपला घाम फुटणार नाही. तरी हळू वाटलं तर आधी प्रोफायलर लाव. मेमरी वाचणारं फंक्शन बघ, ते सतत चालतं. साइन, झीरो, पॅरिटीसाठी २५६ नोंदींचं टेबल कर, दर वेळी बिट मोजू नकोस. क्यूईएमयू एक्स८६चे फ्लॅग गरज पडेपर्यंत काढतच नाही, पण तुला एवढी उठाठेव कशाला?

४० ते ७एफ हा मूव्हचा पट्टाही असाच छापून घे. फक्त ७६ला हात आखड. क्रमानं तिथे ‘मूव्ह एम, एम’ यायला हवं, पण इंटेलनं त्या खुर्चीत एचएलटीला बसवलंय.