साहित्य संमेलन : मांडवातले आणि मांडवाबाहेरचे

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९५ वे अधिवेशन दि. २२ ते २४ एप्रिल २०२२ या काळात आपल्या उदगीरला, महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयात भरले. अध्यक्ष होते भारत सासणे. त्याच दिवसांत याच गावी १६ वे विद्रोही साहित्य संमेलनही झाले. त्याचे अध्यक्षपद गणेश विसपुते यांनी भूषविले. तालुक्याच्या गावाला असा योग क्वचितच येतो. गावकऱ्यांना त्याचा अभिमान वाटला, आणि तो वाटणे साहजिक आहे. पण एका भाषेला दोन मांडव का घालावे लागतात, याचाही विचार व्हावयास हवा.

प्रश्न आजचा नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यास पहिले ग्रंथकार संमेलन झाले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. जे माणसाचे हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्याशी एकी होणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पुढे १९५८ साली मुंबईस दलित साहित्य संमेलन भरले व अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. १९९९ साली धारावीत बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही संमेलन झाले. म्हणजे बाहेर राहिलेल्यांनी शेवटी आपापला मांडव घातला.

आता पैशाकडे वळू. अखिल भारतीय संमेलनाला राज्य शासन पूर्वी ५० लाख रुपये देत असे. २०२३ च्या वर्धा संमेलनापासून ही रक्कम २ कोटी झाली. हा पैसा काडीपेटी विकत घेताना कर भरणाऱ्या मजुराचाही आहे. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिच्यासारखी बाई मांडवात आली, तर तिला आपले असे काही ऐकावयास मिळेल काय?

उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. येथील बाजारात मराठीबरोबर दखनी, उर्दू, कन्नड ऐकू येते. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. या बोलणाऱ्यांची मुले मराठी शाळांतूनही शिकतात, मराठीत लिहितात. त्यांच्या कविता अनुवादासह मुख्य मंडपात वाचल्या गेल्या पाहिजेत. उरलेल्या वेळात, रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकलेला कार्यक्रम म्हणजे समावेश नव्हे. अमराठी बोलींनी मराठी बाटेल ही भीती मला पटत नाही.

येण्याजाण्याचे पाहावे. एप्रिलचे ऊन मराठवाड्याला सांगावयास नको, त्यात लग्नसराई. खेड्यातला रसिक एस.टी.ने येतो आणि कविसंमेलन रंगात येते तेव्हा परतीची गाडी गेलेली असते. तालुक्याच्या मुख्य रस्त्यांवर रात्री एकेक जादा गाडी सोडणे एखाद्या कमानीच्या खर्चापेक्षा फार नसावे! अपंग बांधवांना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनात भाग घेता यावा, असे २०१६ चा कायदा सांगतो. मंचाला उतार, बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेचा दुभाषी, मोठ्या अक्षरांतली कार्यक्रमपत्रिका या गोष्टी अनुदानाच्या अटींतच घालाव्यात; यजमानांच्या मर्जीवर सोडू नयेत.

पाण्याचेही तसेच. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा जिल्ह्यात उन्हाळी मेळावा घ्यावयाचा, तर पाणी कोठून येणार आणि उष्ट्या पत्रावळींचे काय होणार हे आधी ठरले पाहिजे. अर्थात तारीख हिवाळ्यात घेतली तर निम्मी अडचण सरते.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते चौथ्या दिवसाचे. मांडव उतरतो, ग्रंथविक्रेते गाठोडी बांधतात, आणि ‘ड’ वर्गाच्या गावग्रंथालयाचे कपाट होते तसेच राहते. २ कोटींचा दहावा हिस्सा म्हणजे २० लाख रुपये. सरासरी २०० रुपयांचे पुस्तक धरले तर दहा हजार पुस्तके होतात. ती संमेलनाच्याच ग्रंथप्रदर्शनातून विकत घ्यावीत, यजमान तालुक्यातील ग्रंथालयांना वाटावीत, आणि निवड त्या त्या गावच्या वाचकांनी करावी. विक्रेत्यांचाही त्यात तोटा नाही.