पार्किंगमध्ये वर्कशॉप काढताय? मशीन घेण्याआधी एक चादर आणि खडू घ्या



‘घरातून उद्योग’ या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. “सर, नुकतंच रो-हाऊस घेतलंय, खाली शटरचं पार्किंग आहे. भाडं लागणार नाही. कोणतं मशीन घेऊ?”

प्रश्नात चूक नाही, पण त्याचा क्रम चुकलाय. मशीन हा या यादीतला शेवटून दुसरा विषय आहे. का, ते आमच्या एका शिबिरार्थींच्या वहीवरून सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतोय, नाव मात्र नाही.

गृहस्थ नाशिकचे. सातपूरच्या एका कंपनीत फर्स्ट शिफ्ट, हात सुतारकामात चांगला. चाळिशीत पहिलं स्वतःचं घर झालं, कर्ज काढून. हप्ता २४ हजार. खाली १० बाय १८ फुटांचं पार्किंग. ठरवलं की देव्हारे करायचे, संध्याकाळी आणि रविवारी. दसऱ्याला मुहूर्त करून टेबल सॉ आणि रंधा मशीन आणलं, १ लाख ४० हजारांचं. हे पैसे खरं तर स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीसाठी बाजूला ठेवलेले होते. फेब्रुवारीत ते माझ्याकडे आले तेव्हा वहिनीही सोबत होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या, “सर, माझी ट्रॉली पार्किंगमध्ये उभी आहे, फक्त तिच्यात भांडी ठेवता येत नाहीत.”

चार महिन्यांत तीन देव्हारे विकले गेले होते. प्रत्येकी ५,५०० ला. माल ३,१०० चा. यांच्या मते एका देव्हाऱ्यामागे २,४०० रुपये नफा.

मी वही मागितली. वहीत एक गोष्ट मात्र त्यांनी छान केली होती, तास लिहिले होते. एका देव्हाऱ्याला १९ तास. आता पुढचा हिशोब नीट बघा, कारण तुमचाही असाच निघणार आहे.

घर सगळं मिळून ९०० चौरस फूट, पार्किंग १८०, म्हणजे पाचवा हिस्सा. हप्त्याचा पाचवा हिस्सा ४,८०० रुपये महिना. महिन्याला काम होतं साधारण ८० तास, म्हणजे जागेचे तासाला ६० रुपये. मशीन पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला २८ हजार, महिन्याला २,३३३, तासाला २९. जागा आणि मशीन मिळून तासाला ८९ रुपये. १९ तासांचे झाले १,६९१. माल ३,१००. फेविकॉल, पॉलिश पेपर, स्क्रू, पॉलिश, वीज धरून आणखी ४००. बेरीज ५,१९१.

५,५०० मधून ५,१९१ गेले, उरले ३०९. भागिले १९ तास. तासाला सोळा रुपये.

इथे ते थोडे चिडले. “सर, हप्ता मी तसाही भरणारच आहे. तो देव्हाऱ्यावर कशाला टाकता?” बरोबर आहे, हप्ता तसाही जाणार. पण दोन गोष्टी. पार्किंगमध्ये मशीन आलं म्हणून गाडी रस्त्यावर गेली, म्हणजे त्या जागेची किंमत घर मोजतंय. आणि उद्या काम वाढलं, गाळा भाड्याने घ्यावा लागला, तर भाडं धरून किंमत सांगावी लागेल. ज्या गिऱ्हाईकाला तुम्ही ५,५०० ची सवय लावली, तो त्या दिवशी ऐकणार नाही. फुकटच्या जागेवर ठरवलेली किंमत ही अनेक घरगुती उद्योगांना घराबाहेर पडूच देत नाही. मी हे दहा वेळा पाहिलंय.

१९ तास गेले कुठे?

मशीन वेगवान होतं, तरी वेळ गेला. कारण मशीन जागेत बसलं होतं, काम बसत नव्हतं.

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची. १८ मिलिमीटरची असेल तर वजन तीस-पस्तीस किलो. तिचा कर्ण जवळजवळ ९ फूट. पार्किंगची रुंदी १० फूट, पण एका भिंतीला दीड फुटाचा रॅक ठोकलेला. उरले साडेआठ. म्हणजे शीट आडवी धरून आत फिरवताच येत नाही! दरवेळी शटर उघडा, शीट रस्त्यावर न्या, फिरवा, परत आत आणा. टेबल सॉवर आठ फुटांची शीट लांबीत कापायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात, शिवाय तुम्हाला उभं राहायला दोन. झाले अठरा. पार्किंग संपलं. स्कूटर, सायकल, पाण्याचा ड्रम सगळं बाहेर.

कापणं आणि हलवाहलवीतच चार तास. घासणं आणि पॉलिशला सात. रोज सामान मांडणं, आवरणं, शोधणं यात तीन. जोडणीचं खरं सुतारकाम उरलेल्या पाच तासांत.

उपाय अगदी साधे निघाले. शीट आता दुकानदाराकडूनच मापात कापून येते. प्लायच्या बऱ्याच दुकानांत मोठं पॅनेल सॉ असतं, कटिंगचे पैसे घेतात, पण आपल्यापेक्षा सरळ कापतात. जाळी सीएनसीवाल्याकडून. रॅक खाली उतरवला, हत्यारं भिंतीवर टांगली आणि प्रत्येकाची बाह्यरेषा मार्करने काढली, म्हणजे काय जागेवर नाही ते दिसतं. टेबलाला लॉकची चाकं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक-एक देव्हारा बंद, तीन एकदम. तिघांचे कप्पे एकदम घासायचे, तिघांना एकदम पॉलिश. एक कोट वाळेपर्यंत दुसऱ्याचं काम.

तास आले ११ वर. कटिंग आणि जाळीचे ५०० वाढले. माल ३,१००, किरकोळ ४००, कटिंग-जाळी ५००, तासांचे ९७९. एकूण ४,९७९. किंमत केली ६,२००, कारण जाळी बघून गिऱ्हाईक देतो. उरले १,२२१, म्हणजे तासाला १११ रुपये.

आता लक्षात आलं का? या बदलात टेबल सॉचा वापर जवळजवळ संपला. सुरुवातीला हातातली सर्क्युलर सॉ, ड्रिल, ट्रिमर, सँडर, चार-सहा क्लॅम्प आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम एवढ्यावर हे काम निघालं असतं. रंधा मशीन त्यांनी विकायला काढलंय. जुन्या मशीनला नव्याची किंमत येत नाही, ती फी समजायची.

वीज: इथे घाई करू नका

दोन एचपीची मोटर म्हणजे दीड किलोवॅट. चालताना आठ-नऊ अँपिअर, सुरू होताना काही क्षण त्याच्या कित्येक पट. यांनी ती हॉलमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून लावली होती. प्लग वितळला. नशीब, घरी कोणी जागं होतं. वर्कशॉपसाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाईन घ्या, तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. मेन स्विच उंच आणि कुलूपबंद. हे घर आहे, मुलं खाली खेळायला येतात.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ‘अनधिकृत वापर’ ठरू शकतो, आणि त्यात आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. किती महिन्यांपासून वापर चालू आहे ते ठरवता आलं नाही, तर मागच्या बारा महिन्यांपर्यंतची. महावितरणच्या आपल्या उपविभागात जा, मशीनचा लोड सांगा, कोणता दर आणि कोणतं कनेक्शन लागेल ते लेखी विचारा. एक दिवस जाईल, जाऊ दे.

शेजारी, भुसा आणि थिनर

दुपारी एक ते चार ही वेळ फक्त पुण्यात पवित्र असते असा समज करून घेऊ नका. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लाकूड कापणारं मशीन याच्या खूप वर जातं. शटर अर्धं बंद केलं तरी जातं. म्हणून आवाजाचं काम दिवसातून ठरलेल्या दोन तासांतच, आणि ते तास शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगायचे. जोडणी, घासणं (हाताने), पॉलिश बाकीच्या वेळेत. सोसायटी असेल तर लेखी परवानगी घ्या. गृहकर्जाचा करारही एकदा वाचा, घराच्या वापराबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघा.

लाकडाचा भुसा म्हणजे ‘नुसती धूळ’ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा. भुसा झाडूने उडवू नका, व्हॅक्यूमने ओढा. कामाचे कपडे खालीच बदला. वर बाळ असेल तर नक्कीच.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. त्याच खोलीत पेट्रोलची स्कूटर, शेजारी गॅस गीझर, आणि तुम्ही पॉलिश मारताय. हे तिन्ही एकत्र नकोत. पॉलिशच्या दिवशी गाडी बाहेर, शटर पूर्ण वर, गीझर बंद.

कागद थोडेच, पण करा

उद्यम नोंदणी आधारवर होते आणि सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. पारंपरिक सुतार असाल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा, त्यात हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत आहे आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. विमा मात्र विसरू नका. घराचा विमा धंद्याच्या मालाला आणि मशीनला लागू होईल असं गृहीत धरू नका. छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी मिळते.

या आठवड्याचा गृहपाठ

पार्किंग रिकामं करा. खडूने जमिनीवर मशीन, टेबल, रॅक, स्कूटर यांचे चौकोन खऱ्या मापात काढा. एक चादर ८ बाय ४ फुटांत दुमडा, घरातल्या कुणाला एक टोक धरायला सांगा, आणि ती शीट आहे असं समजून शटरपासून टेबलापर्यंत न्या, फिरवा, कापल्यासारखी ओढा, भिंतीला उभी करा. चौकोनावर पाय पडला की थांबा आणि तिथे फुली मारा. फुल्या मोजून वहीत लिहा. मग तुमच्या वस्तूचा एक नमुना आहे त्या हत्यारांनी करा आणि तास लिहा.

नमुना कुणासाठी करायचा, हे मी त्या गृहस्थांना सांगितलं होतं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी ट्रॉली बसली. ४६ तास लागले, आणि दोन कप्प्यांची मापं चुकली म्हणून वहिनींनी ती परत करायला लावली. आता ते ट्रॉलीची ऑर्डर घेत नाहीत.