शिताके अळिंबीची पारख व पाकक्रिया

जपानमध्ये ‘शिई’ वृक्षाच्या ओंडक्यांवर वाढणारी ‘ताके’, म्हणजे अळिंबी, ती शिताके होय. आता भारतातही लाकडाच्या भुशावर तिची लागवड होते. जपानी बाजारात वाळविलेल्या मालाचे दोन मुख्य प्रकार आहेत. टोपी पुरती उघडण्यापूर्वी तोडलेली, जाड व मांसल ती ‘दोन्को’. पूर्ण उमललेली, पातळ ती ‘कोशिन’. सबंध शिजवावयाची असल्यास दोन्को घ्यावी. चिरून भातात घालावयास कोशिन पुरे. केवळ टोपीचा मोठेपणा पाहून भाव देणे योग्य नव्हे. ताजा माल चिकट असल्यास नाकारावा.

वाळलेली अळिंबी थंड पाण्यात रात्रभर भिजवावी. कढत पाण्याने ती लवकर मऊ होते खरी, परंतु चव उणावते. भिजविलेले पाणी गाळून रश्शात वापरावे. ते फेकणे हा निव्वळ अपव्यय होय. देठ चिवट असतो, तो काढावा.

ही अळिंबी कच्ची अथवा अर्धवट शिजवून खाल्ल्यास काही व्यक्तींच्या अंगावर एकदोन दिवसांत चाबकाच्या वळांसारखे लाल, खाजरे पट्टे उठतात. जपानमध्ये १९७७ साली या विकाराची नोंद झाली. यास्तव वरवर परतून ती वाढू नये. जाड तुकडा आतपर्यंत शिजला की नाही, हे कापून पाहावे.