ग्रीक पद्धतीची बटाट्याची कोशिंबीर

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातला. सोळाव्या शतकात तो युरोपात आला. पुढे पोर्तुगीजांच्या मागोमाग तो भारतात उतरला आणि त्यांच्या भाषेतील ‘बटाटा’ हे नाव मराठीने जसेच्या तसे ठेवून घेतले. ग्रीस देशात त्याच्या प्रसाराचे श्रेय इओआनिस कापोदिस्त्रियास यांस दिले जाते. १८२८ ते १८३१ या काळात ते नवस्वतंत्र ग्रीसचे पहिले शासनप्रमुख होते. लोक हे अनोळखी कंद फुकटही घेईनात, तेव्हा त्यांनी नाफ्प्लिओ बंदरात बटाट्यांच्या राशींवर पहारा बसविला, आणि एवढा जपला जाणारा जिन्नस मौल्यवान असलाच पाहिजे असे समजून लोकांनी तो चोरून नेला, अशी कथा तेथे सांगतात. अशीच कथा फ्रान्समध्येही प्रचलित असल्याने तिला इतिहास मानू नये. तथापि बटाटा ग्रीक स्वयंपाकात स्थिरावला हे निश्चित.

तेथील ‘पतातोसलाता’ म्हणजे बटाट्याची कोशिंबीर. इतर काही देशांत अशा कोशिंबिरीत अंड्याचे व तेलाचे घट्ट मिश्रण, म्हणजे मेयोनेझ, घालतात. ग्रीक पद्धतीत बहुधा ते नसते. उकडलेला बटाटा, कांदा, पार्सलीची पाने, ऑलिव्हचे तेल आणि लिंबाचा रस किंवा द्राक्षाचा शिरका एवढ्यावर ती सिद्ध होते. कृती सोपी आहे. परंतु तिची चव, तिचे पोषण आणि तिची निर्धोकता ही तिन्ही एका गोष्टीवर अवलंबून आहेत. ती गोष्ट म्हणजे कोणता पदार्थ कोणत्या क्षणी आणि किती तापमानास मिसळावा, हा क्रम. त्यामागील कारणे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

साहित्य (चार माणसांसाठी)

बटाटे ५०० ग्रॅम. एक मध्यम लाल कांदा. ऑलिव्हचे तेल ३ मोठे चमचे. लिंबाचा रस किंवा शिरका २ मोठे चमचे. चिरलेली पार्सली मूठभर. ओरेगानोची वाळलेली पाने अर्धा लहान चमचा. मीठ व मिरपूड. आवडत असल्यास ८–१० काळे ऑलिव्ह. पार्सली न मिळाल्यास कोथिंबीर घालावी; चव बदलेल, परंतु कृतीस बाध येणार नाही. ओरेगानोच्या वासात आपल्या ओव्याची आठवण येते, कारण ओव्यातील थायमॉल हे सुगंधी द्रव्य त्यातही असते.

बटाट्याची निवड

काही बटाटे शिजल्यावर पिठूळ होऊन फुटतात, तर काही घट्ट व चिकट राहतात. पहिल्या प्रकारात पिष्टाचे प्रमाण अधिक व पाण्याचे कमी असते. कोशिंबिरीस दुसरा प्रकार योग्य. तो ओळखण्याची एक युक्ती आहे. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवावे व त्यात कच्चा बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा अधिक घन असल्याने बुडतो; घट्ट राहणारा तरंगतो.

हिरवट झालेले बटाटे मात्र कोणत्याही प्रकारचे असोत, बाजूस काढावेत. हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि तो स्वतः अपायकारक नाही. परंतु प्रकाशामुळे हरितद्रव्याबरोबरच सोलॅनिनसारखी विषारी द्रव्येही वाढतात आणि ती पाण्यात उकळून नष्ट होत नाहीत. कोंबांच्या डोळ्यांतही ती असतात. म्हणून बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत.

उकडणे

बटाटे स्वच्छ धुऊन सालीसकट थंड पाण्यात घालावेत, थोडे मीठ टाकावे आणि मग पातेले चुलीवर चढवावे. उकळत्या पाण्यात एकदम टाकल्यास बाहेरचा भाग शिजून फुटू लागतो, तरी गाभा कच्चाच राहतो. साल ठेवल्याने क जीवनसत्त्व व पोटॅशियम पाण्यात कमी उतरतात.

शिजताना दोन घटना घडतात. सुमारे ६० ते ७० अंश सेल्सियस तापमानाच्या आसपास पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात. त्यापुढील उष्णतेने पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन सैल होते व बटाटा मऊ पडतो. आम्ल असल्यास पेक्टिन सहजासहजी सैल होत नाही. यास्तव उकडण्याच्या पाण्यात लिंबू किंवा शिरका बेताने घातल्यास फोडी आकार धरून राहतात. अधिक घातल्यास त्या कितीही वेळ शिजवा, दडदडीतच राहतात. प्रथमच करणाऱ्याने शिजेपर्यंत आम्ल घालूच नये.

आंबट आधी, तेल मागाहून

सुरी सहज आत जाऊ लागली की बटाटे निथळून घ्यावेत, हातास सोसवेल इतपत निवताच सोलावेत व फोडी कराव्यात. फोडी गरम असतानाच त्यांवर मीठ व लिंबाचा रस शिंपडावा. या वेळी फुगलेले पिष्ट सैल असते, त्यामुळे पातळ रस आत मुरतो. थंड झाल्यावर पिष्टाचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात आणि रस बाहेरच राहतो. तेल आधी घातल्यास फोडींवर त्याचा थर बसून रसाची वाट अडते. म्हणून तेल दहा मिनिटांनी घालावे. फोडींच्या कडांवरील पिष्टात तेल व रस मिसळून दाटसर पायस तयार होते. मेयोनेझची उणीव भासत नाही.

कांदा पातळ चिरून दहा मिनिटे मिठाच्या थंड पाण्यात ठेवल्यास त्याचा उग्रपणा कमी होतो. तो पिळून, पार्सली, ओरेगानो व ऑलिव्ह यांसह शेवटी मिसळावा.

पोषणाचा विचार

उकडलेल्या बटाट्यात सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. ५०० ग्रॅम बटाट्यांतून साधारण ४३० कॅलरी मिळतात, तर तीन मोठ्या चमच्यांतील तेलातून जवळजवळ ३६०. म्हणजे ‘जड’ म्हणून दोष बटाट्यास दिला जातो, पण जवळजवळ अर्धी ऊर्जा तेलाची असते. ऑलिव्हच्या तेलात ओलेइक हे असंतृप्त मेदाम्ल प्रमुख असल्याने ते लोण्याहून हितकर ठरते. तरीही ते मोजूनच घालावे.

बटाटा थंड झाल्यावर त्यातील थोडे पिष्ट लहान आतड्यात न पचणाऱ्या रूपात बदलते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात निरोगी व्यक्तींना गरम, ताज्या उकडलेल्या बटाट्याऐवजी थंड करून शिरका घातलेला बटाटा दिला असता जेवणानंतर रक्तातील साखर कमी वाढल्याचे आढळले. मधुमेही व्यक्तींनी मात्र यास पोटभर बटाटा खाण्याची मुभा समजू नये.

एक महत्त्वाचा इशारा

अशी कोशिंबीर खाऊन कोणास बाधा झाल्यास दोष सामान्यतः मेयोनेझवर ठेवला जातो. प्रत्यक्षात शिजलेला बटाटा स्वतःच जंतूंच्या वाढीस अनुकूल असतो. त्यात ओलावा भरपूर व आम्लता कमी. १९९४ साली अमेरिकेतील एल पासो शहरात एका ग्रीक उपाहारगृहात जेवलेल्या ३० जणांना बॉट्युलिझम हा गंभीर विकार जडला. शोधाअंती कारण सापडले ते असे : ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून भाजलेले बटाटे बहुधा कित्येक दिवस साध्या तापमानास तसेच ठेवले होते आणि पुढे ते ‘स्कोर्दालिया’ या लसूण-बटाट्याच्या पदार्थात वापरले गेले. या विकाराच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात व भाजण्याने मरत नाहीत. घट्ट गुंडाळीत हवा पोचत नाही. अशा जागी ते जागे होऊन विष निर्माण करतात.

यावरून तीन नियम ध्यानात ठेवावेत. शिजलेले बटाटे बंद गुंडाळीत बाहेर ठेवू नयेत. कोशिंबीर लगेच खावयाची नसल्यास दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असल्यास एका तासाच्या आत, पसरट भांड्यात शीतकपाटात ठेवावी. आणि लिंबू घातले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. चवीपुरता रस फोडीच्या गाभ्यापर्यंत पुरेशी आम्लता नेईल याचा भरवसा नसतो. शीतकपाटातही तीन दिवसांहून अधिक काळ ती ठेवू नये.

सारांश, थंड पाण्यातून शिजवणे, गरम असताना आंबट मुरवणे, नंतर तेल घालणे आणि वेळीच थंड करणे, एवढा क्रम पाळला की हा साधा पदार्थ रुचकर होतो व निर्धास्तपणे मुलांच्या पानातही वाढता येतो.