वैमानिकाचा सोबती

मंद्रूपच्या बाजारातून तुम्ही कधी सायकल चालवली आहे का? समोरून एस.टी. येते, बाजूने बैलगाडी जाते, मध्येच शेळी आडवी येते. तोल सांभाळायचा, रस्ता पाहायचा आणि घंटीही वाजवायची! अशा वेळी मागे बसलेला मित्र ओरडतो, "अरे, पुढे खड्डा आहे!" त्याची किती मदत होते!

लढाऊ विमानाच्या वैमानिकालाही अशा मित्राची गरज असते. उंची, इंधन, रडार, शत्रूचे विमान या सर्वांकडे त्याला एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. त्याचा मित्र म्हणजे संगणक.

आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण पाहा. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. तेथे तयार झालेल्या पहिल्या 'तेजस मार्क १ ए' विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वांसमोर उड्डाण केले. तेजस चपळ असावे म्हणून त्याची रचनाच अशी केली आहे, की ते आपोआप स्थिर राहत नाही. वैमानिक दांडा हलवतो. संगणक ती सूचना घेतो आणि तोल सांभाळून विमान वळवतो.

कधी कधी हा मित्र प्राणही वाचवतो. विमान वेगात झटकन वळते, तेव्हा वैमानिकाला आपले वजन नऊपट झाल्यासारखे वाटू शकते. ६० किलोचा माणूस जणू ५४० किलोचा होतो! रक्त डोक्याकडून पायांकडे उतरते आणि तो बेशुद्ध पडू शकतो. २०१६ मध्ये अमेरिकेत एफ-१६ विमान शिकणाऱ्या एका वैमानिकाचे असेच झाले. विमान जमिनीकडे झेपावले. दुसऱ्या विमानातून शिक्षक ओरडत होते. पण ऐकणार कोण? शेवटी संगणकानेच विमान सरळ करून वर उचलले. वैमानिक वाचला.

हे संगणक ठरलेल्या नियमांप्रमाणे काम करतात. कृत्रिम बुद्धिमत्ता त्यापुढे जाते. ती संगणकावर लुटुपुटीच्या असंख्य लढाया खेळून, चुका करून शिकते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तिने चालवलेल्या विमानाने माणसाच्या विमानाशी आकाशात सरावाची लढत दिली. तरीही त्या विमानात वैमानिक बसलेले होते. का बरे? कारण शिकलेले यंत्रही चुकू शकते.

समोरचे विमान शत्रूचे की प्रवाशांचे, हे ओळखण्यात चूक झाली तर? निरपराध माणसे मरतील. मग जाब कोणाला विचारणार? यंत्राला? म्हणून मित्राने खड्डा दाखवावा, घेरी आली तर हँडलही धरावे. पण शस्त्र चालवायचे की नाही, हे माणसानेच ठरवावे.

शब्दार्थ
चपळ – चटकन हालचाल करणारे
झेपावणे – वेगाने झेप घेणे
लुटुपुटीची – खरी नसलेली, खेळातली
जाब विचारणे – केलेल्या कामाचे कारण विचारणे

स्वाध्याय
१. तेजस विमानाचा तोल कोण सांभाळतो?
२. वैमानिक बेशुद्ध का पडू शकतो?
३. शस्त्र चालवण्याचा निर्णय माणसानेच का घ्यावा? तुमच्या शब्दांत लिहा.