बेस गिटारची तार : गोल वेढ्याची की चपट्या?

गॅदरिंग जवळ आले की बेस गिटार वाजवणारे विद्यार्थी मला तारांविषयी विचारतात. चार तारांचा संच विद्यार्थ्याच्या खिशाला जड असतो, म्हणून निवड आधीच विचारपूर्वक व्हावी.

नेहमीच्या तारेत पोलादी गाभ्यावर गोल तारेचे वेढे असतात. पृष्ठभाग खडबडीत राहतो, बोट सरकले की कर्र आवाज होतो. चपट्या वेढ्याच्या तारेत गाभ्याभोवती चपटी पट्टी गुंडाळलेली असते. ती हाताला गुळगुळीत लागते. वरचे स्वरांश लवकर विरतात आणि मूळ स्वर डग्ग्याच्या घुमाऱ्यासारखा भरीव उरतो.

फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली निघाला, तेव्हा चपट्याच तारा प्रचारात होत्या. १९६० नंतरच्या दशकात 'द हू'च्या जॉन एन्टविसलने रोटोसाउंडच्या गोल वेढ्याच्या तारांतून पियानोसारखा खणखणीत नाद काढला आणि तरुणांची पसंती तिकडे वळली. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतील जेम्स जेमरसन मात्र चपट्या तारांवरच राहिला. त्याच्या ला बेला तारा ०.०५२ ते ०.११० इंच जाडीच्या. तुटल्याखेरीज तो त्या बदलत नसे म्हणतात! जुन्या तारेचा मऊपणाच त्याला हवा होता.

गाण्याच्या साथीला मी चपटीच तार सुचवतो. किंमत अधिक, पण ती वर्षानुवर्षे चालते आणि पडदेही कमी झिजतात. ताण बहुधा जास्त असल्याने मानेतील सळई जाणकाराकडून जुळवून घ्यावी. अंगठ्याने ठोकून वाजवणाऱ्याने मात्र गोल वेढ्याचीच घ्यावी.