नांगराचा दोर तपासू या



समुद्रकाठच्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बंदरात उभी असलेली होडी हरवण्यासाठी वादळच यावे लागते असे नाही. नांगराचा दोर झिजलेला असला, की शांत पाण्यातली साधी ओहोटीही तिला घेऊन जाते. होडीत झोपलेल्या माणसाला होडी हलली हेसुद्धा कळत नाही. जाग येते तेव्हा किनारा लांब गेलेला असतो.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील पहिले वचन आपल्याला याच धोक्याची सूचना देते. जे ऐकले आहे त्याकडे अधिक लक्ष द्या, नाहीतर वाहवत जाल, असा त्याचा आशय आहे. तेथे वापरलेल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'बाजूने वाहत जाणे' असा आहे. हे पत्र ज्यांना लिहिले ते श्रद्धेत नवखे नव्हते. श्रद्धेपायी त्यांनी चारचौघांत अपमान सोसला होता, मालमत्तेची लूटही आनंदाने सहन केली होती (इब्री १०:३२-३४). पण त्यांतल्या काहींनी आता एकत्र जमणे सोडून दिले होते (१०:२५). छळाने जे झाले नव्हते, ते थकव्याने होऊ लागले होते.

आजच्या लेखात आपण या वाहवत जाण्याचा विचार करणार आहोत. ते कसे घडते, ते कसे ओळखावे आणि त्यापासून आपले घर कसे राखावे?

शंका वेगळी, वाहवत जाणे वेगळे

प्रथम एक गैरसमज दूर करू या. मनात प्रश्न येणे म्हणजे श्रद्धा गमावणे नव्हे. तरुण मुलगा विचारतो, “देव दयाळू आहे, तर निरपराध मुलांना कॅन्सर का होतो?” हा प्रश्न ऐकून आपण घाबरतो आणि त्याला गप्प करतो. वास्तविक प्रश्न विचारणारा अजून देवाकडे तोंड करून उभा असतो. संत थॉमसने शंका घेतली, पण तो इतर शिष्यांना सोडून गेला नाही. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला तेव्हा थॉमस त्यांच्यातच होता (योहान २०:२६). शंका घेऊन तो समुदायात राहिला, म्हणून त्याला उत्तर मिळाले.

वाहवत जाणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत. देवाविषयी त्याची तक्रार नसते आणि ओढही नसते. संत थॉमस अक्वायनस यांनी या अवस्थेवर सविस्तर लिहिले आहे. लॅटिन परंपरेत तिला 'आचेदिया' म्हणतात. आपण तिला आत्म्याची मरगळ म्हणू या. ज्या गोष्टींत आत्म्याला आनंद व्हायला हवा, त्यांचेच ओझे वाटू लागणे, हे तिचे लक्षण. हा माणूस आळशी असतोच असे नाही. धंदा, प्रवास, समारंभ या सगळ्यांसाठी त्याला उत्साह असतो. प्रार्थनेची वेळ आली, की मात्र त्याला थकल्यासारखे होते.

देमासची तीन वचने

नव्या करारात देमास नावाच्या माणसाचा उल्लेख फक्त तीन ठिकाणी येतो. फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात संत पौल त्याला लूकसोबत आपला सहकारी म्हणतो (वचन २४). कलस्सैकरांच्या पत्रात लूकचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असा येतो, देमासचे मात्र नुसते नाव (४:१४). तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल कळवतो, की देमासला हे जग प्रिय झाले आणि तो आपल्याला सोडून थेस्सलनीकाला गेला (४:१०).

देमासने कुणाचा खून केला नाही, मूर्तीपुढे धूप जाळल्याचेही कुठे लिहिलेले नाही. थेस्सलनीका हे भरभराटीचे बंदर होते आणि तो तिकडे गेला, एवढेच. पौल तुरुंगात होता, थंडी जवळ आली होती, विसरलेला झगा घेऊन ये म्हणून तो तिमथीला विनवीत होता. अशा वेळी सोबतीला राहिला तो लूक. एके काळी दोघांची नावे शेजारी शेजारी लिहिली जात होती. त्यांच्यात अंतर कोणत्या दिवशी पडले हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण ते एका दिवसात पडत नाही.

कार्थेजमध्ये काय घडले?

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील दोन प्रसंग या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहराचा. इसवी सन २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसने साम्राज्यातील सर्वांना रोमन देवतांना बळी अर्पण करण्याचा हुकूम दिला. ज्यांनी अर्पण केले त्यांना तसा दाखला मिळे. कार्थेजमध्ये असंख्य ख्रिस्ती माणसे अटकेची वाटसुद्धा न पाहता आपण होऊन चौकात गेली आणि त्यांनी बळी अर्पण केले. काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला.

तेथील बिशप संत सिप्रियन यांनी इसवी सन २५१ मध्ये या घटनेवर लिहिताना सगळा दोष सम्राटावर टाकला नाही. त्यांनी मागे वळून पाहिले. दीर्घ शांततेच्या काळात जो तो मालमत्ता वाढवण्यात गुंतला होता, दानधर्म आटला होता, काही बिशपसुद्धा आपले लोक सोडून व्यापाराच्या मागे लागले होते, असे त्यांनी परखडपणे नोंदवले. म्हणजे छळाच्या वादळाने होड्या वाहून नेल्या हे खरे, पण त्यांचे दोर शांततेच्या काळातच सैल झाले होते.

नागासाकीत काय टिकले?

दुसरा प्रसंग जपानचा आहे आणि त्याचे आपल्या वसईशी जवळचे नाते आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना त्यांच्या २५ सोबत्यांसह ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण आले. पुढे १६१४ मध्ये संपूर्ण जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले, लपून राहिलेले पकडले गेले. १६४४ नंतर त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. मिस्सा नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, चर्च नाही. ख्रिस्ती असल्याचा संशय आलेल्यांना प्रभूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत.

बंदी असतानाच, परदेशी लोकांच्या वापरासाठी म्हणून, नागासाकीत ओउरा येथे एक चर्च उभे राहिले. ते या २६ हुतात्म्यांनाच वाहिलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावातील काही माणसे तिथे आली. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतीझाँ यांना हळू आवाजात सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने पवित्र मरियेचा पुतळा कुठे आहे, असे विचारले. आपण सध्या दुःखाचा काळ, म्हणजे प्रायश्चित्तकाळ, पाळत आहोत आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे, असेही त्या लोकांनी सांगितले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूवाचून राहिलेल्या या शेतकऱ्यांची मोजणी एका दिवसानेही चुकली नव्हती!

हे कसे शक्य झाले? त्यांनी जबाबदाऱ्या वाटून घेतल्या होत्या. एकाने दिनदर्शिका सांभाळायची, सण आणि उपवास कोणत्या दिवशी ते ठरवायचे. दुसऱ्याने बाळांना स्नानसंस्कार द्यायचा. तिसऱ्याने घरोघरी निरोप पोहोचवायचा. प्रतिमेवर पाय ठेवण्याची सक्ती ज्यांच्यावर झाली, ते घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना करीत. पडले तर पडलेले राहत नसत. ही सारी साधी माणसे होती. त्यांच्याजवळ मोठे ग्रंथ नव्हते. होत्या त्या पाठ केलेल्या प्रार्थना, वर्षाचे वेळापत्रक आणि एकमेकांची सोबत.

त्यांची कसोटी तिथेही संपली नाही. श्रद्धा उघड झाल्यावर उराकामीच्या ३,००० हून अधिक ख्रिस्ती लोकांना हद्दपार करण्यात आले आणि ६०० हून अधिक जण हद्दपारीत मरण पावले. १८७३ मध्ये बंदी उठली, तेव्हा उरलेले परत आले.

कार्थेजजवळ बिशप होते, धर्मगुरू होते, मिस्सा होती. नागासाकीजवळ यांतले काहीच नव्हते. फरक दोराचा होता. सवय आणि सोबत या दोन पदरांनी वळलेला दोर नागासाकीच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या झिजू दिला नाही.

आपल्या घरातील दोर

घरभेटीला गेल्यावर आम्हां धर्मगुरूंना आईवडील पुष्कळदा विचारतात, “फादर, मुलगा काही वाईट नाही. नोकरी सांभाळतो, आम्हाला बघतो. पण देवळात येत नाही. आमचं काय चुकलं?” हा प्रश्न विचारताना त्यांचे डोळे भरून येतात. त्यांना दोष देण्यासाठी हा लेख नाही. पुष्कळ मुले आईवडिलांच्या प्रार्थनेने परत येतात. संत मोनिका यांनी मुलासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तेव्हा आपल्याला संत ऑगस्टीन मिळाले. पण ज्यांची मुले अजून लहान आहेत, त्यांनी आजच दोर तपासावा.

पहिला पदर सवयीचा. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे, की वाद्य वाजवूनच माणूस वादक होतो आणि न्यायाने वागूनच न्यायी होतो. प्रार्थनेचेही तसेच आहे. 'मन लागेल तेव्हा प्रार्थना करीन' असे म्हणणाऱ्याचे मन कधीच लागत नाही. एके काळी आपल्याकडे दिवेलागणीला रोझरी सुरू झाली, की आलेला पाहुणाही गुडघे टेकत असे. आज त्याच वेळेला घरातली चार माणसे चार मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली असतात. पूर्ण रोझरी जमत नसेल तर एक रहस्य म्हणा. दहा मिनिटेच द्या, पण रोज द्या आणि सर्वांनी मिळून द्या.

रविवारच्या मिस्सेचेही तसेच. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली, तेव्हा आपण घरी पडद्यावर मिस्सा पाहिली. तेव्हा तो आधार होता. आजारी व वृद्ध माणसांना तो आजही आहे. पण धडधाकट माणूस अजूनही सोफ्यावर बसून, नाश्ता करीत मिस्सा 'पाहत' असेल, तर दोर किती झिजला आहे हे त्याने स्वतःला विचारावे. ताटाचा फोटो पाहून पोट भरत नाही.

दुसरा पदर सोबतीचा. इब्री पत्र सांगते, की 'आज' म्हटले जाते तोवर दररोज एकमेकांना बोध करा (३:१३). वाहवत जाणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही, किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला कळते. शेजारचे कुटुंब तीन रविवार दिसले नाही, तर आपल्यापैकी किती जण चौकशी करतात? काही माणसे देवावर रागावून दूर जात नाहीत. सणाच्या मिरवणुकीत मान मिळाला नाही, कमिटीत कुणी अपमान केला, दुःखाच्या दिवशी धर्मगुरूंनी दोन शब्द बोलले नाहीत, अशा जखमा घेऊन ती जातात. त्या जखमा खऱ्या असतात. अशा घरात उपदेश घेऊन जाऊ नये. आधी ऐकून घ्यावे आणि गरज असेल तेथे क्षमा मागावी. यात आम्ही धर्मगुरूही आलो.

परगावी, परदेशी निघालेल्या मुलांसाठी एक साधी सूचना. विमानाचे तिकीट, राहण्याची खोली, खाण्याची सोय हे सर्व आपण आधी पाहतो. त्याच यादीत जवळचे चर्च आणि मिस्सेची वेळही लिहा. पहिले चार रविवार जे मूल चर्चचा रस्ता शोधते, त्याला पाचव्या रविवारी तो शोधावा लागत नाही.

परतीची वाट

जो आधीच दूर गेला आहे, त्याचे काय? कार्थेजमध्ये पडलेल्यांना ख्रिस्तसभेने टाकून दिले नाही. प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेतले. इफिस येथील ख्रिस्तसभेने आपली पहिली प्रीती सोडली होती, तेव्हा प्रभूने तिला तीन गोष्टी सांगितल्या: कुठून पडलीस ते आठव, पश्चात्ताप कर आणि पहिल्यासारखी कृत्ये कर (प्रकटीकरण २:४-५). प्रभू येथे 'पहिल्यासारख्या भावना आण' असे म्हणत नाही. भावना आपल्या हुकमतीत नसतात, कृत्ये असतात. म्हणून प्रीती परत वाटेपर्यंत थांबू नका. शनिवारी संध्याकाळी प्रायश्चित्त संस्काराला या. दहा वर्षांनी येत असाल तरी संकोच करू नका. काय बोलावे ते आठवत नसेल, तर तेवढेच सांगा. पुढचे आम्ही सांभाळून घेऊ.

इब्री पत्राचा लेखक आपल्या आशेला जिवाचा नांगर म्हणतो, स्थिर आणि भक्कम (६:१९). तो नांगर ख्रिस्त आहे. तो सुटत नाही. आपल्याला फक्त दोर सांभाळायचा आहे.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात पाच वर्षांपूर्वी होती आणि आज नाही, अशी प्रार्थनेची कोणती सवय आहे? ती का थांबली?

२. आपल्या आळीतील कोणते कुटुंब अलीकडे दिसेनासे झाले आहे? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

३. धर्मगुरू नसते, तर आपल्या समूहात दिनदर्शिका सांभाळणारा, प्रार्थना शिकवणारा आणि निरोप पोहोचवणारा कोण झाला असता?

प्रार्थना: हे प्रभू येशू, आमची होडी तुझ्या किनाऱ्याला बांधून ठेव. जे दूर वाहवत गेले आहेत त्यांना जाग दे आणि त्यांना हाक मारण्याचे प्रेम आम्हांला दे. आमेन.